नेत्रवैद्याचा नेम : डॉ. बा. शि. मुंजे

डॉ. मुंजे मार्गावरून मी दोन वर्षे सायकल मारली. पण हे मुंजे कोण, असा प्रश्न मला कधी पडला नाही. रस्त्याला काहीतरी नाव असायचेच, तसे याला आहे, एवढीच माझी समजूत. हा प्रश्न पडला तो एन. सी. सी.च्या कॅम्पात, आणि तोही पाच गोळ्या वाया घालवल्यानंतर.

त्या दिवशी आमच्या तुकडीला पॉइंट टू-टू रायफलीवर पहिल्यांदाच फायरिंग होते. पंचवीस यार्डांवर टार्गेट. रायफल सहा पौंड दोन औंसांची, म्हणजे पावणेतीन किलोची. हातात घेताच वाटले, एवढी हलकी वस्तू पेलायला काय अवघड आहे? पालथा पडून मी पाच बार काढले. कागद आणला तेव्हा दोन भोके दोन कोपऱ्यांत, एक कडेला आणि उरलेल्या दोन गोळ्यांचा पत्ताच नाही! रायफलीची माशी वाकडी आहे, असे मी जाहीर करून टाकले. आमच्या उस्तादांनी काही न बोलता तीच रायफल घेतली आणि पाच गोळ्या झाडल्या. पाचही भोके एका नाण्याखाली झाकली गेली असती.

मग त्यांनी मला शेजारी बसवून समजावले. जड रायफल नेमबाजाच्या पुष्कळ चुका पोटात घालते. हलकी रायफल एकही चूक लपवत नाही. श्वास घेतला की तिचे तोंड वर जाते, चाप हिसकला की ते बाजूला सरते. चाप ओढायला लागणारा जोर रायफलीच्या वजनाच्या मानाने जास्त असेल, तर बोटाबरोबर सारी रायफलच हलते. म्हणून डाव्या हाताने ती आवळायची नाही, नुसती तोलायची. भार स्नायूंवर न ठेवता हाडांवर ठेवायचा. अर्धा श्वास सोडून थांबायचे आणि चाप इतका सावकाश दाबायचा की बार कधी उडाला हे आपले आपल्यालाही कळू नये.

शिकारीसाठी कारखान्यात तयार होणाऱ्या हलक्या रायफलींचेही असेच असते, असे ते म्हणाले. शिकाऱ्याला दिवसभर डोंगर चढायचा आणि गोळी झाडायची एखादीच, म्हणून तिची नळी बारीक ठेवतात. थंड नळीतून पहिली गोळी नेमकी जाते. तीन-चार बार झाले की नळी तापते आणि गोळ्या पांगू लागतात. दस्त्याचे लाकूड नळीला कुठे दाबत असेल, तर पावसाळ्यात लाकूड फुगूनही नेम बदलतो. वजन कमी, म्हणून खांद्याला धक्काही जास्त. आणि त्या धक्क्याच्या भीतीने माणूस बार उडण्याआधीच दचकतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, हे चांगलेच झाले. पण नेमाचे शास्त्र काही बदलले नाही.

बोलता बोलता उस्ताद सहज म्हणाले की, तुमच्या नाशकात मुलांना बंदुकीचे शिक्षण मिळावे म्हणून एका डोळ्यांच्या डॉक्टरने शाळा काढली होती. मी चमकलो. कॅम्पहून परतल्यावर ग्रंथालयात शोध घेतला आणि माझ्या रोजच्या रस्त्याचा धनी मला भेटला.

बाळकृष्ण शिवराम मुंजे यांचा जन्म १८७२ साली बिलासपूर येथे झाला. शिक्षण नागपूरला आणि पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. १८९८ साली ते डॉक्टर झाले आणि मुंबई महापालिकेत नोकरीला लागले. तिथेच राहते तर एक सुखी पेन्शनर म्हणून त्यांचे आयुष्य संपले असते. पण १८९९च्या ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले आणि हा तरुण नोकरी सोडून सैन्याच्या वैद्यकीय पथकातून तिकडे गेला.

हे युद्ध रायफलींच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण आहे. बोअर म्हणजे शेतकरी. लहानपणापासून माळरानावर हरणे मारून त्यांचा नेम तयार झालेला. त्यांच्या हाती सात मिलिमीटरची जर्मन माऊझर होती; पाच काडतुसांची पट्टी एकदम आत सरकवता येई. अनेकांनी तर स्वतःच्या पैशाने त्याच माऊझरची शिकारी बनावटीची रायफल घेतली होती. युद्ध आले तेव्हा शिकारीची बंदूकच त्यांनी रणांगणावर नेली. समोर कवायती इंग्रज फौज. तरीही डिसेंबर १८९९च्या एकाच आठवड्यात स्टॉर्मबर्ग, मॅगर्सफोंटेन आणि कोलेंझो येथे तिचे तीन पराभव झाले. याच सुमारास इंग्रजांच्या नव्या ली-एन्फिल्ड रायफलींच्या एका मोठ्या खेपेत कारखान्यातूनच दोष राहिला होता. पाचशे यार्डांवर गोळी दीड फूट उजवीकडे जाई! कारखान्याचा शिक्का असला म्हणून रायफल नेमकी असतेच असे नाही. ती आधी लावून, तपासून घ्यावी लागते, हा धडा साम्राज्याला असा मिळाला.

माऊझरच्या गोळीची जखम बारीक आणि स्वच्छ असते, अशी नोंद त्या युद्धातल्या शस्त्रवैद्यांनी केली आहे. जखमी सैनिकांच्या राहुट्यांतून वावरताना मुंज्यांच्या मनात काय चालले असेल? मला वाटते, मूठभर शेतकरी जगातल्या सर्वांत मोठ्या सत्तेला रोखून धरतात ते केवळ हाताला सवय आहे म्हणून, ही गोष्ट त्यांच्या मनात तिथेच रुजली असावी. कारण मायदेशी चित्र अगदी उलटे होते. १८७८च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नव्हती, आणि युरोपियनाला मात्र त्यातून सूट होती.

त्याच युद्धात दुसराही एक हिंदी माणूस होता. मोहनदास गांधी नावाच्या बॅरिस्टरने सुमारे अकराशे हिंदी लोकांचे शुश्रूषा पथक उभारून कोलेंझो आणि स्पिऑन कॉप येथून जखमींना डोल्यांतून वाहून आणले. दोघेही लढायला नव्हे, जखमींसाठीच गेले होते. पण एकाने तिथून बंदुकीची ओढ आणली आणि दुसरा पुढे बंदुकीवाचून लढण्याच्या वाटेला लागला.

परतल्यावर मुंज्यांनी नागपुरात नेत्रवैद्य म्हणून नाव कमावले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत त्यांचा हात बसलेला होता, आणि नेत्रचिकित्सेवर त्यांनी संस्कृतात ग्रंथही लिहिला. मोतीबिंदू काढणाऱ्याचा हात आणि नेम धरणाऱ्याचा हात यांत फारसे अंतर नसावे. दोन्हीकडे जोर नको, स्थैर्य हवे. राजकारणात ते लोकमान्य टिळकांचे अनुयायी. १९२० साली टिळक गेले. त्या वर्षीच्या नागपूर काँग्रेसचे अध्यक्षपद अरविंद घोष यांनी स्वीकारावे म्हणून मुंज्यांनी प्रयत्न केला. अरविंदांनी नकार दिला. गांधीयुग सुरू झाले. अहिंसेचा मार्ग मुंज्यांना मान्य होणे शक्य नव्हते. ते काँग्रेसपासून दूर गेले आणि १९२७ साली हिंदु महासभेचे अध्यक्ष झाले.

मध्यवर्ती कायदेमंडळात असताना शाळा-कॉलेजांतल्या मुलांना कवायतीबरोबर छोट्या रायफलीचेही शिक्षण मिळावे, असा आग्रह त्यांनी धरला. आज मी एन. सी. सी.च्या गणवेशात जी पॉइंट टू-टू हाती घेतो, तीच जातकुळी! लष्करात हिंदी अधिकारी तयार व्हावेत म्हणून १९३१ साली सरसेनापती चेटवूड यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली गेली, तिचेही ते सभासद होते. त्या समितीनंतर १९३२ साली डेहराडूनची अकादमी निघाली.

इथपर्यंतचे टिपण घेऊन मी मोठ्या उत्साहाने इतिहासाच्या सरांकडे गेलो. सरांनी ते वाचले आणि १९३१च्या मार्चमध्ये डॉक्टर कुठे होते, एवढेच विचारले. मला सांगता आले नाही. पुन्हा ग्रंथालय गाठले. गोलमेज परिषदेहून परतताना डॉ. मुंजे रोमला उतरले होते. तिथे मुलांना लष्करी वळण देणाऱ्या बलिल्ला संघटनेचे काम त्यांनी पाहिले आणि १९ मार्चला मुसोलिनीची भेट घेतली. जे पाहिले त्याने ते प्रभावित झाले. त्या कवायतीतून तयार झालेली पिढी १९३५ साली अॅबिसिनियावर चालून गेली आणि पुढे सारा युरोप जळाला, हे आपल्याला ठाऊक आहे. १९३१ साली ते कुणालाच पुरते ठाऊक नव्हते. तरी एक गोष्ट तेव्हाही दिसत होती. त्या देशात विरोधी मत मांडणाऱ्याला तुरुंग होता. नेत्रवैद्याच्या नजरेतून ती कशी सुटली, हा प्रश्न मला अजून छळतो.

१९३५ साली मुंज्यांनी नाशकात सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. त्या वेळी ते बासष्ट-त्रेसष्ट वर्षांचे होते. १९३७च्या जूनमध्ये भोसला मिलिटरी स्कूल सुरू झाले. परिसराला नाव दिले रामभूमी. वर्गणीसाठी वणवण करून, ज्या वयात लोक काशीला जातात त्या वयात हा माणूस शाळा उभारत होता. हिंदू मुलांना सैनिकी शिक्षण द्यावे, हा त्यांचा हेतू उघड होता. बंदूक सर्व हिंदी मुलांच्या हाती यावी, असे न म्हणता त्यांनी ती एका समाजापुरती मागितली, इथे माझे त्यांच्याशी जुळत नाही. पण नि:शस्त्र केलेल्या माणसाच्या हाताचा कंप शिक्षणानेच जातो, हे त्यांचे निदान मला नाकारता येत नाही. तो कंप मी स्वतः अनुभवला आहे.

३० जानेवारी १९४८ला दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढच्या मार्चमध्ये डॉ. मुंजे नाशकात वारले. बोअर युद्धात जखमींची सेवा केलेले दोन हिंदी सव्वा महिन्याच्या अंतराने गेले. एकाने आयुष्यभर बंदूक नाकारली, आणि त्याचा अंत बंदुकीनेच केला. दुसऱ्याने आयुष्यभर बंदूक मागितली, आणि तो वार्धक्याने गेला.

पुढच्या कॅम्पात माझ्या पाच गोळ्यांपैकी चार एका वाटीच्या तोंडाएवढ्या जागेत बसल्या. उस्तादांनी पाठ थोपटली नाही. त्यांनी मला त्यांचा पहिला नियम पुन्हा म्हणायला लावला. समोरचे टार्गेट दिसते म्हणून चाप दाबायचा नाही. टार्गेटच्या मागे काय आहे हे कळेपर्यंत बोट बाहेरच ठेवायचे. परतताना मी डॉ. मुंजे मार्गावरून सायकल हाकत होतो. देवळालीकडे तोफांचा सराव चालू असावा. लांबून गडगडाट ऐकू येत होता. नाशिककरांना त्याचे काही वाटत नाही. मी मात्र त्या पाटीपाशी पहिल्यांदाच थांबलो आणि तिच्यावरचे नाव पूर्ण वाचले.