विश्लेषण : खाऱ्या सांडपाण्यातून पाणी परत मिळवण्याचे तंत्र आले कुठून?

पारनेर तालुक्याला दुष्काळ नवा नाही. याच तालुक्यात सुपे एमआयडीसी आहे, आणि कारखाने म्हटले की पाणी आलेच. वापरलेले पाणी पुन्हा वापरायचे तर खरी अडचण क्षारांची. गाळ खाली बसतो, सेंद्रिय घाण जिवाणू संपवतात. विरघळलेले मीठ मात्र जागचे हलत नाही. ते शेतात गेले की जमीन खारवते. आरओ यंत्रातून चांगले पाणी काढून घेतल्यावर तर उरलेले पाणी आणखी खारे होते. ते आटवण्यासाठी अनेक उद्योगांत ‘मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटर’ वापरतात. त्याचे जनक नॉर्बर्ट रिलियू.

कोण होते रिलियू?

जन्म १८०६चा, अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचा. वडील गोरे अभियंता, आई कृष्णवर्णीय वंशाची स्वतंत्र स्त्री. शिक्षण पॅरिसला झाले. परतले तेव्हा लुइझियानात साखर बनत होती ती आपल्या गुऱ्हाळासारखीच, उघड्या काहिलींत. उकळता रस एका काहिलीतून दुसरीत ओतण्याचे काम गुलामांकडे, भाजणे रोजचेच. जळणही अफाट लागे.

रिलियूंनी बंद भांडी एकापुढे एक जोडली. पहिल्या भांड्यातील रसाची वाफ वाया न घालवता तिच्यावर दुसरे तापवले, दुसऱ्याच्या वाफेवर तिसरे. पुढच्या भांड्यांत हवेचा दाब कमी ठेवला, त्यामुळे रस कमी तापमानालाही उकळू लागला. एका भांड्यात किलोभर वाफ साधारण किलोभरच पाणी उडवते. तीन भांड्यांत तीच वाफ अडीच किलोच्या आसपास पाणी उडवते. सारी बचत इथेच आहे. १८४३ व १८४६ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. नगर जिल्ह्यातील साखर कारखान्यांत उसाचा रस आजही याच तत्त्वावर आटतो.

मळेवाल्यांना त्यांचे यंत्र हवे होते, पण वर्णामुळे बरोबरीचा मान नव्हता. न्यू ऑर्लिन्सच्या सांडपाण्याच्या निचऱ्यासाठी त्यांनी दिलेली योजना नाकारली गेली. पुढे ते पॅरिसला परतले, काही वर्षे इजिप्तच्या चित्रलिपीत रमले आणि उतारवयात पुन्हा साखरेकडे वळले. १८९४ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

सांडपाण्याचे गणित उलटे कसे?

साखरेत आटून उरलेला पदार्थ हवा असतो. सांडपाण्यात हवे असते ते उडालेले पाणी; वाफ थंड केली की ते कारखान्याला परत मिळते. तळाशी राहिलेले मीठ बहुधा मिश्र आणि दूषित असते, त्याला सहसा गिऱ्हाईक नसते. ते घातक कचऱ्याच्या बंदिस्त भरावक्षेत्रात न्यावे लागते. उघड्यावर टाकले, तर पहिल्याच पावसात पुन्हा विहिरीत.