अंगणातला सव्वाशे फुटी कान

फोनवर एफएम लावायला गेलात की स्क्रीनवर सूचना यायची, आधी इअरफोन जोडा. आठवतंय? आपल्याला तर गाणं स्पीकरवर ऐकायचं असायचं, मग इअरफोन कशाला? कारण साधं होतं. ती वायर त्या फोनची अँटेना होती. हवेतून येणारी रेडिओलहर आधी कुठल्या तरी तारेत उतरावी लागते, तरच पुढे आवाज निघतो. म्हणून तर वायर गुंडाळून ठेवली की खरखर, आणि खिडकीशी नेली की गाणं स्वच्छ.

आज ज्याची गोष्ट सांगायची आहे, त्यानं हे एफएम जगाला दिलं. पण त्याची सुरुवात तुमच्या-माझ्यासारखीच झाली. नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यानं वायर आणखी उंच नेली. फरक एवढाच, की त्यानं ती थेट १२५ फुटांवर नेली. तीही आई-वडिलांच्या घरासमोर, अंगणात.

त्याचं नाव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. चंद्रावर उतरलेले आर्मस्ट्राँग वेगळे, ट्रंपेटवाले आर्मस्ट्राँगही वेगळे. हा तिसरा. त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं, आणि ते का माहीत नसतं हीच त्याची गोष्ट आहे.

माळ्यावरची प्रयोगशाळा

एडविनचा जन्म १८ डिसेंबर १८९०चा, न्यूयॉर्कचा. लहानपणी त्याला एक आजार झाला. हातपाय, खांदे आपोआप झटके देत हलायचे. त्यापायी शाळा सुटली आणि दोन वर्षं घरीच गेली. आजार बरा झाला, पण उत्तेजित झाला की खांदा उडण्याची खोड जन्मभर राहिली. अशा पोराची इतर मुलांत मिसळण्यापेक्षा एकट्यानं काहीतरी खटपट करत बसण्याशीच गट्टी जमणार. १९०२ साली कुटुंब न्यूयॉर्कच्या उत्तरेला, हडसन नदीकाठी याँकर्स गावात राहायला गेलं. घराचा माळा एडविनला मिळाला आणि मग तो तिथलाच झाला.

तो काळ मार्कोनीच्या जादूचा होता. १९०१ साली मार्कोनीनं कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंड बेटावर पतंगाला तार बांधून ती आकाशात चढवली आणि अटलांटिकपलीकडून आलेला संदेश ऐकल्याचं जाहीर केलं. वडिलांनी आणून दिलेल्या पुस्तकांतून एडविननं अशा शोधांच्या गोष्टी वाचल्या आणि ठरवून टाकलं, आपणही शोध लावणारे व्हायचं. आपणही दहावी-बारावीत असं बरंच काही ठरवतो. या पठ्ठ्यानं ते शब्दशः अमलात आणलं.

अडचण अशी होती, की त्या काळच्या रेडिओला आवाज मोठा करता येत नव्हता. अँटेनेत जेवढी ऊर्जा उतरेल, तेवढ्यावरच हेडफोन वाजणार. शेकडो मैलांवरून येणाऱ्या संदेशाची ऊर्जा ती किती असणार? डासाच्या गुणगुणीहून कमी. मग उपाय दोनच उरतात. तार लांब करा, तार उंच न्या. लांब तारेत जास्त ऊर्जा उतरते, आणि उंचावर झाडं-इमारतींचा अडसर कमी होतो.

एडविननं खांब उभारायला घेतला. एकावर एक लाकडी तुकडा जोडत, ताण देणाऱ्या दोऱ्यांनी तो सावरत. आपल्याकडे इमारतींना रंग देणारे कामगार दोरीला टांगलेल्या फळीवर बसून वर जातात ना, तसा तो स्वतःला वर ओढून घ्यायचा. १२५ फूट म्हणजे साधारण बारा मजली इमारत. उंचीची भीती म्हणून त्याला नव्हतीच. आणि मग रात्री माळ्यावर बसून, कानाला हेडफोन लावून, दूरदूरच्या नौदल केंद्रांचे मोर्समधले टिकटिक संदेश टिपायचे. हाच त्याचा नाद.

एका रात्री सगळं घर जागं झालं

कोलंबिया विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. एडविन घरूनच, लाल मोटरसायकलवरून ये-जा करायचा. तेव्हा ली डी फॉरेस्ट या संशोधकाचा ऑडिऑन नावाचा व्हॉल्व्ह बाजारात आला होता. तो संदेश थोडा स्पष्ट करायचा, पण तो नेमका चालतो कसा, हे खुद्द डी फॉरेस्टनाही नीट सांगता येत नव्हतं. एडविनला हे सहन होईना. वस्तू वापरतोय आणि तिच्या आत काय चाललंय ते कळत नाही, म्हणजे काय? तो मोजमापं घेत बसला.

१९१२ साली, म्हणजे तिसरं वर्ष संपल्यानंतरच्या काळात, त्याला उत्तर सापडलं. व्हॉल्व्हमधून बाहेर पडलेला संदेश पुन्हा त्याच्याच तोंडाशी नेऊन सोडायचा. तो पुन्हा मोठा होतो, पुन्हा आत जातो, पुन्हा मोठा होतो. गॅदरिंगमध्ये कुणीतरी माईक घेऊन स्पीकरसमोर जातं आणि अचानक कानठळ्या बसवणारी किंचाळी निघते, पाहिलंय ना? तेच तत्त्व. फक्त एडविननं ती किंचाळी ताब्यात ठेवली. अलीकडे थांबलं, की संदेश कित्येक पटींनी मोठा होतो. पुढे गेलं, की तोच व्हॉल्व्ह स्वतः लहरी निर्माण करू लागतो, म्हणजे चक्क प्रक्षेपक होतो. एकाच युक्तीत ऐकणारं यंत्रही आलं आणि बोलणारंही.

त्या रात्री हेडफोनमधला आवाज एवढा वाढला, की हेडफोन टेबलावर ठेवला तरी ऐकू येत होता. एडविननं आनंदानं आरडाओरडा करत बहिणीला झोपेतून उठवलं.

पेटंटला पैसे हवे होते. वडिलांचं म्हणणं, आधी पदवी घे. घरोघरी मातीच्या चुली! शेवटी ३१ जानेवारी १९१३ रोजी त्यानं आपल्या सर्किटची आकृती नोटरीकडून साक्षांकित करून घेतली. पुढे मोटरसायकल विकली आणि त्याच वर्षी, पदवी हातात आल्यावर, पेटंटचा अर्ज केला. १९१४ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, मार्कोनी कंपनीतला डेव्हिड सारनॉफ हा तरुण एडविनचं यंत्र पारखायला आला. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर बसून दोघांनी रात्रभर आयर्लंड, सॅन फ्रान्सिस्को, अगदी होनोलुलूपर्यंतची केंद्रं ऐकली. दोघांची मैत्री तिथे जमली. सारनॉफ हे नाव लक्षात ठेवा.

खांबावर झेंडा चढला

पहिल्या महायुद्धात आर्मस्ट्राँग अमेरिकी लष्कराच्या सिग्नल विभागात पॅरिसला गेले आणि मेजर होऊन परतले. तिथे १९१८ मध्ये त्यांनी दुसरा मोठा शोध लावला, सुपरहेटरोडाइन. आलेली लहर कोणत्याही कंपनसंख्येची असो, ती आधी एका ठरलेल्या कंपनसंख्येवर आणायची आणि मग सावकाश, हवी तेवढी मोठी करायची. आपल्या आजी-आजोबांच्या घरातल्या रेडिओत, पुढे टीव्हीतही हीच पद्धत होती. १९२२ मध्ये एक शोध आरसीए कंपनीला विकून ते श्रीमंत झाले, कंपनीचे सर्वांत मोठे खासगी भागधारक बनले. सारनॉफ यांची सेक्रेटरी मॅरियन हिच्याशी १९२३ मध्ये लग्न झालं. तिला भेट काय दिली? उचलून नेता येईल असा सुपरहेटरोडाइन रेडिओ.

सगळं छान चाललं होतं. पण डी फॉरेस्ट यांनी दावा ठोकला होता, की ती १९१२ ची युक्ती मूळ आमचीच. सुरुवातीला न्यायालयात आर्मस्ट्राँग जिंकले. डी फॉरेस्ट कर्जबाजारी झाले होते. नुकसानभरपाई सोडून दिली असती, तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. आर्मस्ट्राँग अडून बसले. एवढंच नाही, याँकर्सच्या अंगणातल्या खांबावर त्यांनी पेटंटचा क्रमांक लिहिलेला झेंडा चढवला, डी फॉरेस्ट यांच्या घरातून दिसेल असा.

इथे जरा थांबा. ज्या खांबानं या माणसाला जग ऐकवलं, तोच खांब आता कुणाला तरी खिजवण्यासाठी वापरला जात होता.

खटला रखडला, फिरला आणि सर्वोच्च न्यायालयानं १९२८ मध्ये आणि पुन्हा १९३४ मध्ये डी फॉरेस्ट यांच्या बाजूनं निकाल दिला. इंजिनीअर मंडळींना तो पटला नाही. रेडिओ इंजिनीअरांच्या संस्थेनं याच शोधासाठी दिलेलं पदक परत करायला आर्मस्ट्राँग उभे राहिले, तेव्हा संस्थेनं ते परत घ्यायला नकार दिला आणि सभागृह टाळ्या वाजवत राहिलं. कायद्यानं नाव गेलं, पण काम कळणाऱ्यांनी ते काढून घेतलं नाही.

गणित नाही म्हणालं, कान हो म्हणाला

याच काळात ते आणखी एका प्रश्नाला भिडले होते. वीज चमकली, की रेडिओ खरखरतो. का? तेव्हाच्या एएम रेडिओत लहरीची उंची कमी-जास्त करून आवाज पाठवला जायचा. विजेमुळेही उंचीच कमी-जास्त होते, त्यामुळे रेडिओला दोन्हींतला फरक कळत नाही. आर्मस्ट्राँग म्हणाले, उंचीला हातच लावायला नको. लहरीची कंपनसंख्या बदलून आवाज पाठवू. हेच एफएम.

या कल्पनेत काही दम नाही, असं एका नामवंत गणितज्ञ-अभियंत्यानं १९२२ मध्ये समीकरणांनी दाखवून दिलं होतं. गणित चूक नव्हतं. ते अरुंद पट्ट्यातल्या एफएमपुरतं होतं. आर्मस्ट्राँग यांनी पट्टा चांगला रुंद केला आणि खरखर जवळजवळ नाहीशी झाली. पेटंट १९३३ च्या डिसेंबरमध्ये मिळाली. ५ नोव्हेंबर १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये अभियंत्यांसमोर प्रात्यक्षिक झालं. प्रक्षेपण कुठून? याँकर्समधूनच, रन्यन नावाच्या रेडिओवेड्या मित्राच्या घरून. पेल्यात पाणी ओतल्याचा, कागद फाडल्याचा आवाज सभागृहात जसाच्या तसा आला. असा रेडिओ तोवर कुणी ऐकलाच नव्हता.

पण आता आरसीएचे प्रमुख असलेल्या सारनॉफ यांना ओढ टीव्हीची होती. एम्पायर स्टेट इमारतीत चाचण्यांसाठी दिलेली जागा कंपनीनं परत मागितली. आर्मस्ट्राँग हटले नाहीत. याँकर्ससमोर, हडसनपलीकडच्या अल्पाइन गावात त्यांनी स्वतःच्या पैशानं ४०० फुटांहून उंच मनोरा उभारला. अंगणातल्या खांबाचा हा थोरला भाऊच. आरसीएनं एफएमच्या हक्कांसाठी एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले, ते त्यांनी नाकारले. इतर कंपन्यांप्रमाणे रॉयल्टी द्या, हा हट्ट. १९४५ मध्ये सरकारनं एफएमचा पट्टाच बदलला आणि लोकांकडचे एफएम संच एका फटक्यात निकामी ठरले. तोच ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा पट्टा आज आपण वापरतो. १९४८ मध्ये त्यांनी आरसीएला न्यायालयात खेचलं.

आधीच्या खटल्यातून आलेला शहाणपणा इथे दिसत नाही. पैसा संपत आला, तब्येत ढासळली, मित्र दुरावले. तडजोड कर, म्हणणाऱ्या मॅरियनशी वाद झाला आणि ती बहिणीकडे निघून गेली. ३१ जानेवारी १९५४ रोजी, आकृती साक्षांकित केली त्या दिवसाला बरोबर ४१ वर्षं होत असताना, एकट्या पडलेल्या आर्मस्ट्राँग यांनी आपलं आयुष्य संपवलं. वय ६३.

लढा मॅरियननं पुढे नेला. आरसीएशी त्याच वर्षाच्या अखेरीस तडजोड झाली. इतर कंपन्यांविरुद्धचे दावे लढत ती एकेक जिंकत गेली, शेवटचा १९६७ मध्ये. तिनं आधी काय मिटवायचं आणि काय लढायचं ते ठरवलं. जमलं असतं तर ते त्यांनाही जमलं असतं. पण ज्या हट्टानं गणिताला न जुमानता एफएम घडवलं, तोच हट्ट कुठे थांबायचं हे शिकला नाही. हट्टाला बंद करायचं बटण नसतं. ते शेजारच्या माणसाच्या हातात असतं, आणि आपण त्याला ते दाबू द्यावं लागतं.

अल्पाइनचा मनोरा अजून उभा आहे. २००१ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटर कोसळलं आणि त्यावरच्या अँटेना गेल्या, तेव्हा न्यूयॉर्कमधल्या काही टीव्ही केंद्रांनी याच मनोऱ्याचा आसरा घेतला.

आता एक काम सांगते. घरात शॉर्टवेव्हचा जुना रेडिओ पडला असेल, तर सेल घालून बाहेर काढा. दहा-पंधरा मीटर साधी वायर घ्या. एक टोक गच्चीवर प्लास्टिकच्या दोरीनं उंच बांधा, दुसऱ्या टोकाचं आवरण सोलून रेडिओच्या अँटेनेला चिमट्यानं लावा. विजेच्या तारांपासून लांब राहा आणि पावसाळी हवेत वायर काढून ठेवा, ही गंमत नाही. चार्जर आणि एलईडी दिवे बंद करा, त्यांचीही खरखर येते. मग रात्री जेवणं झाल्यावर सावकाश काटा फिरवा. वातावरणातल्या वरच्या थरावरून परतणाऱ्या लहरी कुठल्या तरी अनोळखी भाषेतला आवाज तुमच्या गच्चीवर आणून सोडतील.

आवाज क्षीण असेल, येईल-जाईल. वायर थोडी आणखी उंच न्यावीशी वाटेल. तसं वाटलं, तर त्या अंगणातल्या पोराला सुरुवातीला काय झालं होतं, ते तुम्हाला कळलं.