आजारी शास्त्रज्ञ, दोन घड्याळे आणि १८० अंशांचे कोडे

फेब्रुवारी १६६५. नेदरलँड्समधील हेग शहर. ३५ वर्षांचे क्रिस्तियान हायगेन्स आजारपणामुळे घरातच अडकून पडले होते. समोर लंबकाची दोन घड्याळे एकाच आधाराला टांगलेली. पाहता पाहता त्यांच्या लक्षात आले, की एक लंबक डावीकडे गेला की दुसरा त्याच क्षणी उजवीकडे जातो. मुद्दाम ताल बिघडवला, तरी अर्ध्या तासात पुन्हा तेच!

कोण होते हायगेन्स?

जन्म १४ एप्रिल १६२९, हेग. १६५५ मध्ये त्यांनी शनीचा उपग्रह टायटन शोधला आणि पुढच्याच वर्षी लंबकाचे घड्याळ तयार केले. आधीची घड्याळे दिवसाला साधारण १५ मिनिटे चुकत. ही चूक आता काही सेकंदांवर आली.

फेज डिफरन्स म्हणजे काय?

बारावीला मार्कांपुरता पाठ केलेला हा शब्द इथे डोळ्यांना दिसतो. लंबकाचा लहान झोका म्हणजे जवळपास सरल हरात्मक गती. एखाद्या क्षणी लंबक कुठे आहे आणि कोणत्या दिशेने चालला आहे, हे सांगते ती फेज, म्हणजेच कला. दोघांच्या कलेतला फरक म्हणजे फेज डिफरन्स किंवा कलांतर. दोघे बरोबरीने झुलले तर ० अंश. एक मध्यावर असताना दुसरा टोकाला असेल तर ९० अंश. नेमके उलट झुलले तर १८० अंश.

मग १८०च का?

हायगेन्स यांना आधी हवेचा संशय आला. प्रयोगांनंतर कळले, की दुवा होता तो सामाईक आधार. दोन्ही लंबक एकाच दिशेने झुलले, तर आधार किंचित हलतो आणि त्यांची ऊर्जा खातो. उलट झुलले, तर दोघांचे धक्के एकमेकांना रद्द करतात आणि आधार स्थिर राहतो. म्हणून तीच चाल टिकते.

शोध अंगाशी आला?

ही घड्याळे समुद्रावर रेखांश काढण्यासाठी होती. एक बंद पडले तर दुसरे हवे, म्हणून जहाजावर जोडी. पण इतक्या सूक्ष्म हालचालीने लंबकाची चाल बदलत असेल, तर लाटांवर काय होणार? लंडनच्या रॉयल सोसायटीत शंका वाढल्या. तिला हे निरीक्षण कळवले होते खुद्द हायगेन्स यांनीच.

८ जुलै १६९५ रोजी हेगमध्येच त्यांचे निधन झाले. रेखांशाचे कोडे १८व्या शतकात जॉन हॅरिसन यांच्या घड्याळाने सोडवले. त्यात लंबक नव्हता.