कवटीची मापे आणि इरावतीबाई

इरावती कर्वे यांना आपण ‘युगान्त’मुळे ओळखतो. समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला मात्र त्यांच्या चरित्रातील बर्लिनचे पर्व अधिक मोलाचे वाटते. राष्ट्राराष्ट्रांतील चढाओढ संशोधकाच्या मेजापर्यंत कशी येऊन पोहोचते, हे त्यातून उमगते.

त्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. तेथील नदीवरूनच त्यांचे नाव ठेवले गेले. शिक्षण पुण्यास झाले. पुढे मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली त्या एम. ए. झाल्या. नंतर सासरे महर्षी कर्वे यांचा विरोध असूनही, पती दिनकरराव यांच्या पाठिंब्यावर त्या जर्मनीस गेल्या.

पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीच्या वसाहती १९१९ च्या तहाने गेल्या होत्या. पण आफ्रिकेतून आणलेल्या कवट्या बर्लिनच्या कपाटांत होत्याच. गोऱ्या वंशाचे श्रेष्ठत्व शास्त्राने सिद्ध करावे, ही ईर्षाही होती. इरावतीबाईंचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांनी १९०८ साली नैर्ऋत्य आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत मिश्र वंशाच्या लोकांचा अभ्यास केला होता. युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजू अधिक असमान असतात आणि त्याचा संबंध बुद्धीच्या श्रेष्ठतेशी आहे, असे त्यांचे अनुमान होते. ते पडताळण्याचे काम या परदेशी विद्यार्थिनीकडे आले. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता दिसली, पण वंशाशी तिचा काही संबंध लागेना. जे दिसले तेच त्यांनी प्रबंधात लिहिले. पदवी मिळाली, पण श्रेणी अगदी खालची. पुढे फिशर नाझी राजवटीत १९३३ साली बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले.

मायदेशी परतल्यावरही बाईंच्या हातातील मोजमापाची साधने सुटली नाहीत. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी महाराष्ट्रातील जातींची मापे घेतली. मात्र नुसत्या मापांवर त्या थांबल्या नाहीत. नातेसंबंध, भाषा, ओव्या, वारी यांतून त्यांनी समाज समजून घेतला. १९७० साली त्यांचे निधन झाले.

जिंतूर-पाथरीकडच्या खेड्यांत आपण प्रश्नावली घेऊन जातो. तो प्रश्न कोणी ठरवला व कशासाठी, हे आधी विचारावे. आणि उत्तर विचारणाऱ्याच्या सोयीचे नसले तरी जसेच्या तसे लिहावे. इरावतीबाईंकडून मी हेच शिकले.