किंग जिलेट आणि फेकून द्यायचं पातं

फर्स्ट इयरला हॉस्टेलवर राहायला आलो तेव्हा माझ्या बॅगेत दोन मौल्यवान गोष्टी होत्या. एक आईने दिलेला लाडवांचा डबा आणि दुसरी म्हणजे आजोबांनी दिलेला जुना, जड, स्टीलचा रेझर. लाडू रूममेट्सनी एका रात्रीत संपवले. रेझरला कोणी हात लावला नाही, आणि ते त्यांचं भाग्यच. पहिल्या सबमिशनला मी गालावर तीन ठिकाणी पेपरचे तुकडे चिकटवून गेलो होतो. सरांनी जर्नल बाजूला ठेवून आधी काय झालं ते विचारलं. त्या दिवशी मनात आलं, याला सेफ्टी रेझर म्हणणारा महाभाग कोण?

त्याचं नाव किंग कॅम्प जिलेट. किंग ही पदवी नाही, खरंच ते त्याचं नाव होतं. जन्म ५ जानेवारी १८५५, अमेरिकेतलं फॉन्ड दु लाक हे गाव. पुढे घर शिकागोला गेलं आणि १८७१ च्या तिथल्या प्रचंड आगीत कुटुंबाचं होतं नव्हतं ते गेलं. सोळा वर्षांचा पोरगा कामाला लागला आणि फिरता विक्रेता झाला. गावोगाव जायचं, माल खपवायचा. वीस-पंचवीस वर्षं हेच चाललं. म्हणजे इंजिनिअरिंगशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

मधल्या काळात तो विल्यम पेंटर नावाच्या माणसाकडे नोकरीला होता. सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच या पेंटरने शोधलं. एकदा वापरलं की फेकायचं, त्यामुळे गिऱ्हाईक पुन्हा येतंच. तूही असंच काहीतरी शोध, असा सल्ला त्याने जिलेटला दिला. जिलेटच्या डोक्यात तो भुंगा शिरला तो शिरलाच.

पण गंमत बघा, याच माणसाने १८९४ साली द ह्यूमन ड्रिफ्ट नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात काय, तर धंद्यातली स्पर्धा हेच सगळ्या दुःखाचं मूळ आहे, सगळं उत्पादन जनतेच्या मालकीच्या एकाच कंपनीने करावं, आणि लोकांनी नायगाऱ्याजवळ एका महाकाय शहरात राहावं. वीज धबधब्याची. पुस्तक वाचून कोणी तिकडे राहायला गेलं नाही.

१८९५ च्या उन्हाळ्यात एका सकाळी तो दाढी करायला बसला. वस्तऱ्याची धार इतकी गेली होती की चामड्याच्या पट्ट्यावर घासूनही उपयोग होईना. दगडावर लावून आणणं आलं. तेव्हा त्याला एक साधी गोष्ट दिसली. वस्तऱ्यात कापायचं काम फक्त धार करते. बाकीचं जाड पोलाद कशासाठी? नुसता ताठपणा यावा म्हणून. मग ताठपणाचं काम होल्डरला दिलं तर? पातं कागदासारखं पातळ करता येईल, दोन्ही कडांना धार देता येईल आणि धार गेली की फेकून देता येईल. त्याने पितळेचे तुकडे, घड्याळाच्या स्प्रिंगची पट्टी आणि कानस आणून मॉडेल बनवलं. आता आपण श्रीमंत झालो असंच त्याला वाटलं.

प्रत्यक्षात सहा वर्षं गेली. इतका पातळ पत्रा हार्डन करायला गेलं की तो वाकडा होणार, धार टिकणार नाही, असं जाणकार सांगत. मी तर म्हणेन, तो इंजिनिअर नव्हता म्हणूनच टिकला. आपल्यापैकी कोणी असता तर मेटलर्जीचं पुस्तक उघडून गप्प बसला असता! शेवटी १९०१ मध्ये एमआयटीत शिकलेला विल्यम निकरसन बरोबर आला. हार्डनिंगची आणि धार लावायची मशिन्स त्याने बनवली. त्याचं नाव कंपनीला का दिलं नाही याचीही एक गोष्ट सांगतात. इंग्रजीत निक म्हणजे बारीक काप, आणि रेझरच्या डबीवर ते कसं दिसेल! १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपले. १९०४ मध्ये रेझर ९० हजारांच्या वर गेले. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला पेटंट मिळालं.

मॅनेजमेंटवाले सांगतात की जिलेटने रेझर फुकटाच्या भावात वाटले आणि ब्लेडवर पैसे कमावले. तसं नाही. सुरुवातीला रेझरची किंमत ५ डॉलर होती, कामगाराला ती चांगलीच जड जायची. पेटंट १९२१ मध्ये संपलं आणि मग स्वस्त रेझर आले.

आता माझ्या गालाकडे येतो. जिलेटचा हिशोब कळला आणि माझी चूक कळली. वरची टोपी स्क्रूने आवळली की पातं थोडं वाकतं, त्या वाकण्यानेच त्याला ताठपणा येतो. म्हणजे जोर आधीच आत आहे, हाताने द्यायची गरज नाही. मी मात्र प्लॅस्टिकच्या रेझरसारखा दाबत होतो. दांडा शेवटाला हलक्या हाताने धरायचा. आधी नुसती टोपी गालावर टेकवायची, मग दांडा हळूहळू खाली आणायचा. जिथे केस कापला जायला लागतो तो कोन धरून ठेवायचा, साधारण ३० अंश. डोक्याचं वजन पुरे होतं. हात लहान-लहान मारायचे, दुसऱ्या हाताने कातडी ताणायची. पहिला महिना फक्त सुलटा हात. सलूनवाल्याचं बघून उलटा हात मारायला जाल तर मानेवर पुरळ ठरलेलं. मानेवर केस भलत्याच दिशेला वाढतात, आधी बोट फिरवून बघा.

आंघोळीनंतर दाढी करा, भिजलेला केस मऊ होतो. आपल्याकडे अजून एक भानगड म्हणजे बोअरचं जड पाणी. साबण घासून हात दुखतो पण फेस येत नाही. मी फेसापुरतं कपभर फिल्टरचं पाणी घेतो. शेवटी गार पाणी आणि तुरटी. तुरटी जिथे झोंबते तिथे आज जास्त दाबलं, असं समजायचं. आणि हो, वापरलेलं ब्लेड डस्टबिनमध्ये टाकू नका, जुन्या डबीत साठवा. कचरा मावशी हाताने उचलतात. फेकून द्यायची वस्तू शोधणाऱ्याने ती कुठे फेकायची याचा विचार केला होता की नाही कोण जाणे.

पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी जवळजवळ ३५ लाख रेझर घेतले. घरी परतलेल्या सैनिकांबरोबर ही सवय सगळीकडे पसरली. पुढे पेटंट संपल्यावर कोणीही ब्लेड काढू लागलं. आपल्या ठाण्यातही सुपरमॅक्सचा कारखाना झाला.

जिलेटचं मन मात्र कंपनीत कधी पूर्ण रमलं नाही. १९१० मध्ये त्याने आपल्या एकाच जागतिक कंपनीचा अध्यक्ष होण्यासाठी माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टला दहा लाख डॉलर देऊ केले. रूझवेल्ट नाही म्हणाला. स्पर्धा नको म्हणणारा हा माणूस जगला पेटंटवर, आणि १९३० मध्ये ऑटोस्ट्रॉप या स्पर्धक कंपनीशी पेटंटच्याच भांडणातून विलीनीकरण करावं लागलं. तेव्हा हिशोबात नफा फुगवून दाखवल्याचंही बाहेर आलं. १९३१ ला त्याने अध्यक्षपद सोडलं. मंदीत आणि जमिनींच्या व्यवहारात बहुतेक पैसा गेला होता. ९ जुलै १९३२ रोजी तो कॅलिफोर्नियात वारला. ब्लेडच्या पाकिटावर त्याचा मिशीवाला फोटो तेव्हाही छापून येत होता.