पाषाणांचे वाचक : धन्यवादित बिशप निकोलस स्टेनो

गोव्यातील बॉम जेझू मंदिरात, जेथे संत फ्रान्सिस झेवियर विसावले आहेत, दोन प्रकारचे दगड दृष्टीस पडतात. भिंती तांबड्या जांभ्याच्या आहेत. कोरीव खांबांचा काळा पाषाण मात्र आपल्या वसईकडून नेलेला आहे. हे पाषाण झाले कसे, हा प्रश्न शास्त्रशुद्ध रीतीने सोडवू पाहणाऱ्या पहिल्या पुरुषांपैकी एक पुढे बिशप झाले, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. महोत्सवाच्या या स्मरणिकेत त्यांचे अल्पचरित्र देणे आम्हांस उचित वाटते.

निकोलस स्टेनो यांचा जन्म १६३८ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरी एका सोनाराच्या घरी झाला. कुटुंब ल्यूथरपंथी होते. वैद्यकशास्त्र शिकत असता, १६६० साली त्यांनी गालातील लाळेची नलिका शोधून काढली. आजही तिला त्यांचेच नाव आहे. हृदय हा एक स्नायूच होय, हेही त्यांनी दाखवून दिले.

१६६६ साली ते इटलीत फ्लॉरेन्सच्या राजाश्रयास असता लिव्होर्नोच्या किनाऱ्यावर एक प्रचंड मुशी मासा सापडला. त्याचे डोके छेदनासाठी त्यांच्याकडे आले. त्याचे दात पाहून ते थबकले. माल्टा बेटाच्या खडकांत असेच त्रिकोणी दगड सापडत आणि संत पौलांनी तेथील सर्पांच्या जिव्हांचे दगड केले, अशी लोकांची समजूत होती. स्टेनोंनी सप्रमाण सांगितले, की हे प्राचीन माशांचे दात होत. मग समुद्रातील दात डोंगरात शिरले कसे? एके काळी तो डोंगर समुद्रतळीचा मऊ गाळ असला पाहिजे!

१६६९ साली एका लहानशा लॅटिन ग्रंथात त्यांनी आपले नियम मांडले. गाळाचे थर प्रथम आडवे बसतात. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. थर तिरपा वा तुटलेला दिसला, तर मागाहून काही उलथापालथ झाली असे समजावे. पाषाणचक्राचा संपूर्ण फेरा स्टेनोंस ज्ञात नव्हता. तो १७८५ साली स्कॉटलंडच्या जेम्स हटन यांनी मांडला. परंतु पायाचा दगड स्टेनोंचा होय.

हाच नियम आपल्या सह्याद्रीस लावून पाहावा. त्याच्या कड्यांवरील पायऱ्या म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहिलेल्या तप्त रसाचे एकावर एक थिजलेले थर होत. तोच आपला काळा पाषाण. लक्षावधी पावसाळ्यांनी तो झिजतो; कोकणात कोठे त्यातील विरघळणारी द्रव्ये वाहून जाऊन लोहयुक्त जांभा उरतो, कोठे त्याची माती होऊन उल्हास व वैतरणा नद्यांबरोबर समुद्रास मिळते. तेथे गाळाचे थर दबून पुनः खडक होतो. तो खोल गेला तर उष्णतेने व दाबाने त्याचे रूप पालटते. वितळला तर पुनः रस होतो. मृत्तिका हा पाषाणाचा अंत नव्हे, मार्गातील मुक्काम होय.

स्टेनोंच्या जीवितासही असेच रूपांतर घडले. लिव्होर्नो येथे ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक पाहून त्यांचे अंतःकरण हलले. दीर्घ विचारांती १६६७ साली त्यांनी कॅथलिक धर्म स्वीकारला. १६७५ साली ते धर्मगुरू व १६७७ साली बिशप झाले आणि उत्तर जर्मनीतील विखुरलेल्या कॅथलिकांची सेवा त्यांच्याकडे आली. युरोपभर कीर्ती असता त्यांनी शास्त्र मागे ठेविले. गरिबांसाठी त्यांनी आपली अंगठीही विकली, असे सांगतात. म्युन्स्टर येथे बिशपच्या निवडणुकीत गैरमार्ग अवलंबिला गेला, तेव्हा ते पद सोडून निघाले. ५ डिसेंबर १६८६ रोजी, अवघ्या ४८ व्या वर्षी, श्वेरिन येथे दारिद्र्यात त्यांनी देह ठेविला. फ्लॉरेन्सच्या सान लोरेन्झो मंदिरात ते विसावले आहेत. २३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांस धन्यवादित घोषित केले.

शास्त्र शिकल्याने मुलांची श्रद्धा ढळेल, अशी भीती काही पालक आमच्यापाशी व्यक्त करितात. त्यांनी हे चरित्र मुलांस अवश्य वाचून दाखवावे. ज्या डोळ्यांनी स्टेनोंनी खडकातील सत्य निरखिले, त्याच डोळ्यांनी त्यांनी वेदीवरील भाकरीत प्रभूला ओळखिले. एकासाठी दुसऱ्याकडे डोळेझाक करावी, असे त्यांस कधी वाटले नाही. आपल्या मुलांसही तशीच निर्भय दृष्टी लाभो, हीच आमची प्रभुचरणी प्रार्थना.