अतिया फैजी : शिक्षणासाठी समुद्रापार

धामापूरहून मालवणकडे जाणाऱ्या सकाळच्या एसटीत हल्ली बुरख्यातल्या मुली महाविद्यालयाची पुस्तके मांडीवर घेऊन बसलेल्या दिसतात. तरीही बारावीनंतर मुलीला मुंबईला पाठवावे काय, असे विचारत पालक इमामाकडे येतात, आणि बहुधा उत्तर ठरवूनच आलेले असतात. अशा वेळी मला मरहूमा अतिया फैजी आठवतात. हे नाव मला प्रथम मदरशात भेटले, ‘सीरत-उन-नबी’चे कर्ते मौलाना शिबली नोमानी यांच्या पत्रव्यवहाराच्या निमित्ताने. पुढे अल्लामा इकबाल यांच्या चरित्रातही ते आढळले. थोर पुरुषांनी जिला पत्रे लिहिली ती स्त्री, एवढीच त्यांची ओळख आपण ठेवली. त्यांनी स्वतः काय लिहिले, हे मात्र कोणी विचारले नाही.

अतिया यांचा जन्म १८७७ साली इस्तंबूल येथे झाला. वडील हसनअली यांचा तेथे व्यापार होता. घराणे मुंबईचे, सुलेमानी बोहरा. काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या नात्यातले. थोरली बहीण नाझली आपल्याच कोकणात, मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबांना दिलेली होती. मौलाना शिबलीही त्या संस्थानात पाहुणे म्हणून राहून गेले.

१९०६ साली अतिया सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला निघाल्या. मारिया ग्रे प्रशिक्षण महाविद्यालयात अध्यापनाचे शिक्षण घ्यावे आणि परतून मुस्लिम मुलींना शिकवावे, हा हेतू होता. वाचकहो, ज्या काळी शरीफ घराण्यातल्या कित्येक स्त्रियांचे नावही छापले जात नसे, त्या काळची ही गोष्ट आहे. तेथून त्या रोजनिशी लिहून बहीण जोहरा यांच्याकडे मुंबईस पाठवीत. जोहरा ती नीट करीत आणि लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या साप्ताहिकात ती छापली जाई. वर्गातले व्याख्यान, परीक्षेचा ताण, बागा, मेजवान्या, घरची आठवण, सारे त्यात साध्या उर्दूत येई. ज्यांनी कधी उंबरठा ओलांडला नव्हता, अशा भगिनी घरात बसून लंडन वाचत होत्या. १९२१ साली हे लेखन ‘जमाना-ए-तहसील’ या नावाने ग्रंथरूपात आले.

अभ्यासक्रम मात्र पुरा झाला नाही. प्रकृती ढासळली आणि १९०७ साली त्या प्रमाणपत्राविना परतल्या. तिला पाठवून काय मिळाले, असा हिशेब मांडणाऱ्यांनी त्या रोजनिशीच्या वाचक स्त्रियाही त्यात धराव्यात.

१९१२ साली त्यांनी चित्रकार सॅम्युअल रहामीन यांच्याशी निकाह केला. रहामीन पुण्याच्या बेने इस्राईल कुटुंबातले, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरच्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातले. त्यांनी इस्लाम स्वीकारला होता. दोघांनी एकमेकांची नावे जोडून फैजी-रहामीन असे आडनाव घेतले. त्यानंतर अतिया यांनी भारतीय संगीतावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. १९२० च्या दशकात अलिगढच्या शिक्षण परिषदेत त्या पडद्याविना उभ्या राहून स्त्रियांच्या हक्कांविषयी बोलल्या, तेव्हा मोठी खळबळ उडाली. पडद्याविषयीचे त्यांचे मत मला मान्य नाही, हे मी लपवीत नाही. परंतु त्या सभेत स्त्रियांच्या तालीमविषयी ठराव करणारे बहुतेक पुरुषच असावेत आणि स्त्रीने मात्र गप्प राहावे, ही रीत मला तरी धर्माची वाटत नाही.

दुसरे प्रस्थान उतारवयातले. १९४८ च्या सुमारास, जिना यांच्या निमंत्रणावरून, मुंबईतल्या मलबार हिलवरचे ‘ऐवान-ए-रिफअत’ सोडून अतिया, रहामीन व नाझली कराचीस गेले. तेथेही त्याच नावाचे घर उभारले, त्यात चित्रे व कलावस्तू मांडल्या, मैफली भरवल्या. जिना गेले आणि आश्रयही गेला. सरकारी अधिकाऱ्यांनी त्यांना त्या घरातून बाहेर काढले. ज्यांच्या दारी कवी आणि विद्वान येत, ती वृद्ध माणसे हॉटेलात दिवस काढू लागली. १९६४ साली रहामीन वारले, १९६७ च्या जानेवारीत अतिया आणि पुढल्या वर्षी नाझली. त्यांच्या नावाने कराचीत कलादालन बांधावयास घेतले गेले, आणि ते काम दशकानुदशके अर्धवट पडून राहिले.